पोटफाइल

सकाळी डोळे उघडले की त्रिशलाचा पहिला प्रश्न ठरलेला. "अहो, सनूचा फोन आला का?"

चहाचं आधण ठेवता ठेवता भूपालराव मगदूम थबकायचे. एव्हाना सवय व्हायला हवी होती, पण असल्या गोष्टींची सवय होते थोडीच! सनू म्हणजे सन्मती, त्यांची एकुलती एक मुलगी. बेंगळुरूला नोकरीला होती. दिवाळीला मिरजेला यायला निघाली आणि हुबळीच्या अलीकडे गाडीच्या अपघातात जागच्या जागी गेली. त्रिशलानं तिला शेवटचं पाहिलं, हंबरडा फोडला, शेजारच्या बायकांनी तिला धरून ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं विचारलं होतं, "सनूचा फोन आला का?"

या प्रश्नाला उत्तर तरी काय द्यायचं? खरं सांगावं, तर ती बातमी तिला पहिल्यांदाच कळायची. रोज नव्यानं पहिल्यांदा. 'मीटिंगमध्ये असेल, करेल' असं खोटं सांगावं, तर ती फोन मांडीवर घेऊन बसायची, ताटाला हात लावायची नाही, आणि दुपारपर्यंत तिचे हात कापायला लागायचे. भूपालरावांनी दोन्ही करून पाहिलं होतं. दोन्हीचा शेवट झटक्यात व्हायचा. डोळे वर जायचे, दातखीळ बसायची, आणि मग इस्पितळ.

याचं मूळ तिच्या आजारपणात होतं. काही वर्षांपूर्वी तिला मेंदूज्वर झाला. त्यातून ती वाचली खरी, पण मेंदूतला एक लहानसा भाग कायमचा गेला. आपण म्हणतो की हा भाग आठवणी साठवतो. ते तितकं बरोबर नाही. आठवणी मेंदूभर विखुरलेल्या असतात, वास एकीकडे, आवाज दुसरीकडे, चेहरा तिसरीकडे. कुठला तुकडा कुठल्या तुकड्याशी जोडायचा, एवढंच हा भाग सांभाळतो. त्रिशलाचे तुकडे सगळे शाबूत होते, त्यांना एकत्र बोलावणारं मात्र कुणी उरलं नव्हतं. ते काम करायला तिच्या कानामागे हाडाखाली एक यंत्र बसवलं होतं. स्मृतिसेतू म्हणायचे त्याला.

या सेतूत आठवणी नव्हत्या, त्यांचे पत्ते होते. प्रत्येक माणसाची, प्रत्येक जागेची एक फाइल. फाइलच्या पोटात आणखी फाइली, त्यांच्या पोटात आणखी. कोण म्हणजे काय आणि कुणाच्या पोटात कोण, हे सगळं एका व्याख्याकोशात लिहिलेलं. व्याख्या पुसली की तुकडे मेंदूत तसेच पडून राहणार, पण त्यांच्याकडे जायची वाट बंद.

रोज रात्री झोपेत हे यंत्र दिवसभराच्या नव्या नोंदी जुन्यांशी ताडून पाहायचं. हजारो नोंदी सांगायच्या की सन्मती आहे, फोन करते, भांडते, दिवाळीला येते. एकच नोंद म्हणायची की ती नाही. यंत्र त्या एकटीला चूक समजून टाकून द्यायचं. असं होऊ नये म्हणून बनवणाऱ्यांनी सुधारणा पाठवली होती, आणि इतरांच्या बाबतीत ती चालायची. शेजारचे कांबळे गुरुजी गेले ते त्रिशलाच्या अगदी नीट लक्षात राहिलं. पण जिच्यावर निम्मं आयुष्य टांगलेलं, तिच्या फाइलपुढे सुधारणेनंही हात टेकले.

"काका, आता लपवून उपयोग नाही," डॉक्टर निलोफर इनामदार एके दिवशी म्हणाली. सेतूच्या विभागात तीच सगळं बघायची. पोरगी वयानं सन्मतीएवढीच, त्यामुळे भूपालरावांना तिच्याकडे फार वेळ बघवायचं नाही. "प्रत्येक झटक्यानं मेंदूवर घाव बसतोय. पुढच्या एखाद्यातून काकू उठायच्या नाहीत."

"मग करायचं काय?"

"सन्मतीची फाइल काढून टाकायची."

"म्हणजे? मेल्याची नोंद काढायची का?"

"नाही काका. सन्मती होती, हेच काढायचं."

खिडकीबाहेर बॅटरीवरच्या रिक्षा उगीचच रांगेत उभ्या होत्या, त्या भूपालराव बघत बसले. पोटची पोर बायकोच्या डोक्यातून पुसायची! पण बायको जिवंत राहणार होती. चहा पिणार होती, भाजी निवडणार होती, रोज सकाळी उठून पुन्हा मरणार नव्हती.

"आधी पोटात काय काय आहे ते बघायला लागेल," निलोफर म्हणाली. "सही तुमची, म्हणून बघायचंही तुम्हीच. तसा नियमच आहे."

तो नियम भूपालरावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. उभा जन्म त्यांनी एका इस्पितळाच्या संगणक विभागात हेच काम केलं होतं. रुग्णाची फाइल, तिच्या पोटात भरती, भरतीच्या पोटात औषधं. हाताखालच्या पोरांवर ते ओरडायचे, "वरची फाइल उडवली की पोटातलं सगळं जातं रे गाढवांनो! आधी खालपर्यंत उतरून बघा!" पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करायची.

पडद्यावर त्यांनी सन्मती उघडली आणि उतरायला लागले. बारसं. गोवर. पहिली चप्पल. बालवाडीत दुसऱ्याचा डबा खाऊन आली तो दिवस. भूपालरावांना एकदम हसू आलं. ही गोष्ट ते स्वतः विसरून गेले होते! दहावीचा निकाल, कॉलेजात केस कापले त्यावरून झालेलं भांडण, आणि त्याच्याही पोटात सात-आठ भांडणं. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, ते त्यांनी बाहीनं पुसले. आणि खाली एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

बाबा.

व्याख्या: सन्मतीचे वडील. हाक: अहो. नावाचा रकाना रिकामा.

त्यांनी ती उघडली. दाढीच्या साबणाचा वास. जिन्यावरचा खोकला. स्कूटर. तापात कपाळावर ठेवलेला हात. पंधरा ऑगस्टची जिलेबी. त्याच्याही खाली आणखी एक पोटफाइल होती, 'सनू व्हायच्या आधी', आणि तिच्यात त्यांचं लग्न होतं, सांगलीतली भाड्याची खोली होती, पहिली पाच-सहा वर्षं होती. सगळा संसार होता, पण सगळा लेकीच्या पोटात.

त्यांनी घाईघाईनं सगळ्यात वरची यादी काढली. घर. माहेर. धाकटी बहीण राजमती. जैन बस्तीतलं देऊळ. दूधवाला शिंदे. चांगली दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली. आता बोला! दूधवाल्या शिंद्याला स्वतंत्र फाइल, आणि नवरा कुठं नाहीच.

"हे कुणी असं केलं?" ते निलोफरवर जवळजवळ खेकसलेच.

तिनं न बोलता सेतू बसवतानाचं चित्रण लावलं. कोश तयार करताना त्रिशलाला एकेक फोटो दाखवला जात होता. भूपालरावांचा फोटो आला तशी ती लाजली, पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "हे होय? आमच्या सनूचे बाबा." पलीकडून आवाज आला, नाव काय? "नाव कसं घेऊ बाई? ते समोरच बसलेत की!" आणि मग भूपालरावांचाच आवाज, हसरा, खूश झालेला. "असू दे, असू दे. तसंच घ्या."

तसंच घेतलं होतं. यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार की आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत! आणि ज्यानं आयुष्यभर पोरांना खालपर्यंत उतरायला लावलं, त्यानं तेव्हा फक्त वरची यादी पाहिली होती. सन्मतीचं नाव सगळ्यात आधी बघून तो समाधानानं घरी गेला होता.

"मला उचलून वर नाही ठेवता येणार?" भूपालरावांनी विचारलं.

"ठेवता येईल. पण आतल्या जवळजवळ प्रत्येक नोंदीचं एक टोक सन्मतीला बांधलंय. ती टोकं तुटली की नुसता चेहरा आणि नाव उरेल. बॅनरवरच्या पुढाऱ्याला आपण ओळखतो ना, तसं ओळखतील काकू तुम्हाला." त्यांचा चेहरा बघून ती गडबडीनं पुढे म्हणाली, "एक करून बघा. काकूंनी स्वतःहून तुम्हाला वेगळं धरलं पाहिजे. नाव घेऊन, सन्मतीला मध्ये न आणता. मग कदाचित वर नवी फाइल धरेल."

त्या दिवसापासून भूपालराव या वयात बायकोच्या मागे लागले.

"त्रिशला, माझं नाव घे बघू."

"काहीतरीच! काय झालंय तुम्हाला?"

"घे गं. इथं आहे कोण ऐकायला?"

"तुम्ही आहात की!" म्हणून ती हसत सुटली. पण फारच गळ घातली तेव्हा तिनं उगीच पदर सारखा केला आणि म्हणाली,

"सतारीच्या गावात सूर लागला छान,
भूपालरावांचं नाव घेते, राखा माझा मान."

भूपालरावांच्या अंगावर काटा आला. तिच्या तोंडून आपलं नाव! त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत दम धरवेना. निलोफरच्या खोलीत शिरले ते खुर्चीवर न बसताच म्हणाले, "घेतलं! नाव घेतलं तिनं!"

निलोफरनं कोशात शोधलं. सापडलं. सन्मती, तिच्या पोटात बारसं, त्याच्या पोटात उखाणा. बारशाला बायकांनी घ्यायला लावला होता तोच उखाणा, दुसरा तिला आठवलाच नव्हता.

मग ते तिला बाहुबलीच्या डोंगरावर घेऊन गेले. लग्नानंतर दोघंच गेले होते, सन्मतीचा पत्ताही नव्हता तेव्हा. निम्म्या पायऱ्या चढल्यावर ती कठड्याला टेकली, आजूबाजूला बघितलं, चेहरा उजळला. भूपालरावांनी श्वास धरला.

"इथंच सनूला कडेवर घेतलं होतं ना तुम्ही? किती रडत होती कार्टी!"

कसलं काय आणि कसलं काय! भूपालरावांचा तोल सुटला. "सनू, सनू, सनू! मी तुझा कुणीच नाही का गं?" चढणारी माणसं वळून बघायला लागली. "एवढी वर्षं संसार केला, त्यात मी कुठं आहे की नाही?"

त्रिशला त्यांच्याकडे बघतच राहिली. रागावलीसुद्धा नाही. "असं काय करताय? सनूचे बाबा ना तुम्ही?" ती म्हणाली. "आणखी कोण व्हायचंय तुम्हाला?"

तिच्या लेखी याच्याहून वरची जागाच नव्हती, हे त्यांना तेव्हा कळलं. तिनं त्यांना कुठल्या कोपऱ्यात टाकलं नव्हतं. जे सगळ्यात जपायचं तिथंच नेऊन ठेवलं होतं. भूपालरावांना स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि तिच्यावर इतकी माया दाटून आली की ते तिथंच पायरीवर बसले. तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

त्याच आठवड्यात ते बाजारात गेलेले असताना त्रिशलानं स्वतःच सन्मतीचा नंबर लावला. तो नंबर एव्हाना दुसऱ्या कुणाला मिळाला होता. तो माणूस कन्नडमध्ये म्हणाला की अशी कुणी इथं नाही. भूपालराव परतले तेव्हा ती स्वयंपाकघरात आडवी होती, ओठ निळे पडलेले. इस्पितळात एकदा तिचा श्वास थांबला आणि डॉक्टरांनी तो परत आणला. काचेपलीकडून भूपालराव ते सगळं बघत होते. ती बाहेर येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

मेहुणी राजमती कोल्हापूरहून राहायला आली. तिला काही पटत नव्हतं. "दाजी, सनूचं जाऊ दे. पण तुम्ही नवरा आहात एवढं तर सांगू ना आम्ही अक्काला!"

"नवरा म्हटलं की ती विचारणार, मूलबाळ?" भूपालराव म्हणाले. "मग काय सांगशील?"

राजमतीनं तोंडाला पदर लावला.

"नात्यातले आहेत म्हणून सांग. आजारपणात मदतीला राहिलेत. आणि मला दाजी म्हणू नकोस, अण्णा म्हण."

भूपालरावांनी एका दमात सही केली. निलोफरनं मात्र कळ दाबण्याआधी तोंड फिरवून डोळे टिपले.

सन्मतीचे फोटो वरच्या खोलीत गेले, आणि भूपालरावही वर गेले. खाली त्रिशला बरी होत गेली. झटके थांबले. ती जेवायला लागली, वाटेवरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली, दुपारी राजमतीशी पत्ते खेळताना लबाडी करायला लागली. मंगळसूत्राबद्दल तिनं एकदाच विचारलं. राजमती म्हणाली, असू दे अक्का, सवय आहे तुला. ती बरं म्हणाली.

भूपालरावांशी ती फार अदबीनं वागायची. "अण्णा, ताक घ्या ना." "अण्णा, उन्हाचं कशाला गेलात?" परक्या माणसाशी बोलताना डोक्यावरून पदर घ्यायची तिची जुनी पद्धत होती. ती पद्धत आता त्यांच्या वाट्याला आली. ते खोकले तरी ती वळून बघायची नाही.

पण खरं एकटेपण याहून वेगळं होतं, आणि ते त्यांना उशिरा उमगलं. कधीतरी बालवाडीतल्या त्या डब्याची आठवण यायची, हसू यायचं, आणि ते सांगायला म्हणून जिना उतरायचे. अर्ध्या जिन्यात पाय थांबायचे. राजमतीला सांगून काय उपयोग, ती तिथं नव्हती. सनूबद्दल ज्याच्याशी बोलावं असं जगात एकच माणूस होतं, आणि ते समोर बसून शेंगा सोलत असायचं. असे उतरता उतरता ते कितीदा परत वर गेले, त्याला गणती नाही.

सन्मतीचा वाढदिवस आला. मगदूमांकडे दिवे लागायच्या आत जेवायची रीत, तेव्हा अजून ऊन अंगणातच होतं. भूपालरावांना घास गिळवेना. त्रिशला वाढता वाढता थांबली.

"अण्णा, एक विचारू? तुमचं कुणी गेलंय का?"

राजमतीनं धसकून मान वर केली. निलोफरनं बजावून सांगितलं होतं, ते नाव काकूंच्या कानावर पडता कामा नये, जुने तुकडे पुन्हा जुळायला लागले तर काही खरं नाही. भूपालरावांना हे सगळं ठाऊक होतं. पण कुणीतरी विचारलं होतं. आणि तिनं विचारलं होतं.

"मुलगी गेली," ते म्हणाले.

"आई गं!" त्रिशलाच्या हातातला डाव तसाच राहिला. "लहान होती?"

"नाही. मोठी झाली होती. गाडीचा अपघात झाला."

"नाव काय हो तिचं?"

"नाव नको विचारूस," ते बोलून गेले आणि सावरले. "विचारू नका. नाव घेतलं की मला सोसत नाही."

"बरं, नाही विचारत." ती त्यांच्यासमोर पाटावर बसली. तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. भूपालराव त्या पाण्याकडे आधाशासारखे बघत राहिले. लेक गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याबरोबर कुणी रडत होतं.

"आणि तिची आई?" त्रिशलानं हळूच विचारलं. "तिचं कसं आहे?"

"तिला फार त्रास झाला," भूपालराव म्हणाले. "आता बरी आहे."

"बरी कसली असणार! तुम्हाला दाखवत नसेल." ती एकदम चिडली. "आणि तुम्ही इथं काय करताय अण्णा? माझी काळजी घ्यायला राजमती आहे. अशा वेळी बायकोला एकटं टाकून दुसऱ्यांच्या घरी राहायचं असतं का? तिला कुणाशी बोलावंसं वाटत असेल. जा तुम्ही तिच्याकडे. उद्याच जा."

राजमती उठून आत गेली. भूपालरावांनी मान हलवली. "जातो," ते म्हणाले.

त्रिशलानं डबा काढला. सकाळीच वळलेले रव्याचे लाडू त्यात नीट रचले, वर कागद घातला, झाकण दाबून बसवलं. "हे तिला द्या. मी केलेत म्हणून सांगा. आणि तिला बोलू द्या हो, तुम्ही नुसते गप्प बसता."

भूपालरावांनी दोन्ही हातांनी डबा घेतला. ती दारापाशी उभी राहून बघत होती, म्हणून त्यांना थांबता आलं नाही. ते जिना चढून वर गेले आणि पिशवी भरायला लागले.